गोब्र्याच्या तोंडातली कोळंबी

समजा, तुमच्यासमोर पुरुषभर लांबीची काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, खडकांवर वाढलेलं जिवंत प्रवाळ, थोडे पिवळे-निळे मासे आणि लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी. ही कोळंबी माशांच्या अंगावरची घाण वेचून खाते. आता या टाकीत तुम्हाला शिकारी मासे सोडायचेत. मुलांनी काचेला नाक लावलं पाहिजे, पण आतलं कुणी कुणाच्या पोटात जाता कामा नये. कुठले मासे निवडाल?

काओशुंग बंदराजवळच्या आमच्या इमारतीत हा प्रश्न श्ये यूलानकडे आला. लिनब्यान गावी गोब्रा मासा पाळतात त्या तळ्यांच्या बांधावर ती लहानाची मोठी झाली. पुढे तिने शोभेच्या माशांचं दुकान काढलं, ते मुलीच्या हाती दिलं आणि तळमजल्यावरची ही टाकी हौसेने सांभाळायला घेतली. इमारतीचे चेअरमन जुआंग यांना मात्र टाकीच्या जागी पार्सलची कपाटं हवी होती.

"बघतंय कोण तिकडे? सगळे सरळ लिफ्टमध्ये शिरतात," ते म्हणाले.

"शिकारी आणते. मग बघतील."

"आणि त्यांनी बाकीच्यांचा फडशा पाडला तर?"

"शरदाच्या पौर्णिमेपर्यंत एक जरी जीव कमी झाला, तर टाकी मी स्वतः रिकामी करून देईन."

त्या पौर्णिमेला अख्खी इमारत अंगणात शेगड्या मांडते. टाकी ठेवायची की कपाटं, यावर त्याच संध्याकाळी मतदान घ्यायचं ठरलं.

चेअरमनना सिंहमासा हवा होता. "आणायचाच तर रुबाबदार आणा."

"रुबाब आहे, पण जबडाही तेवढाच आहे. पिसारा नका बघू, चेअरमन, तोंड बघा. तोंडात मावेल ते तो गिळणार."

वाममासाही तिने नाकारला, कारण त्याला कोळंबी फार आवडते. महिनाभर दुकानं पालथी घालून तिने दोनच मासे निवडले. पहिला काळाभोर, अंगभर पांढरे ठिपके असलेला. घाबरला की तो डोकं कपारीत खुपसतो आणि शेपूट बाहेर ठेवतो. ती शेपूट थेट वाममाशाच्या डोक्यासारखी दिसते. दुसरा लालभडक, प्रवाळावर पहारेकऱ्यासारखा बसून राहणारा. लाजाळू काळा आधी सोडला, दादागिरी करणारा लाल मागून. कोळंबी पूर्ण वाढलेली आणि टाकीत आधीपासूनच राहणारी.

"ते तिच्या घरी येतायत, म्हणून तिच्या सफाईचे गिऱ्हाईक," यूलान म्हणायची. "उलटं केलं असतं तर ती ताटात गेली असती."

दोघांनाही ती लांब चॉपस्टिकने भरवायची. बघताबघता काळ्याची शेपूट पाहायला मुलं शाळेच्या बसला उशीर करू लागली. आया चेअरमनकडे तक्रार घेऊन गेल्या आणि जाताना स्वतःही काचेपाशी रेंगाळल्या.

पौर्णिमेच्या सकाळी खडकाखालून एक नवीनच तोंड बाहेर डोकावत होतं. तपकिरी, ठिपक्यांचं, वीतभर माशाला न शोभेल एवढं मोठं. गोब्रा.

आठव्या मजल्यावरच्या येन आजी हात जोडून समोरच उभ्या होत्या. "यांचं ऑपरेशन नीट झालं ना, म्हणून जिवंत मासा पाण्यात सोडायचा नवस बोलले होते. बंदरापर्यंत जाववेना. म्हटलं, इथलंही पाणी खारंच आहे."

"आजी, तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यात बोका सोडलात."

"मला काय कळतं त्यातलं? मासेवाला म्हणाला, तळ्यातला आहे, गरीब आहे."

यूलानने दिवसभर जाळी फिरवली. जाळी दिसली की गोब्रा कपारीत. खडक उचलावा तर प्रवाळ मोडणार. संध्याकाळी अंगणातून भाजलेल्या सॉसेजचा वास येऊ लागला, तेव्हा चेअरमन स्टूल घेऊन काचेसमोर बसले. मागे सगळी इमारत जमली, मुलं डोक्यावर, या सणाला घालतात तशा, पपनसाच्या सालीच्या टोप्या घालून.

तेवढ्यात कोळंबी मिशा हलवत गोब्र्याकडे निघाली. त्याने जबडा उघडला. ती सरळ आत गेली.

"गेली," चेअरमन म्हणाले.

गोब्रा तोंड उघडं ठेवून तसाच थांबला होता. मग त्याच्या कल्ल्याखालून दोन मिशा आल्या, पाठोपाठ कोळंबी आली आणि त्याचा गाल साफ करू लागली.

यूलानच्या डोक्यात आजींचं सकाळचं बोलणं वाजलं. तळ्यातला आहे.

"दुकानातून गोळी-खाद्य आणवा," ती म्हणाली. "आणि टाकीचं झाकण काढा."

लिनब्यानला तळ्यात खाद्य टाकताना तिचे वडील करायचे तसं तिने पाण्यावर तळहाताने थाप मारली, एक, दोन, आणि मूठभर गोळ्या फेकल्या. जाळीला दिवसभर चुकवणारा गोब्रा बाणासारखा वर आला आणि दोन गोळ्या घशात टाकून तिसरीसाठी वळला. खालून जाळी आली. पुढच्या क्षणी तो बादलीत होता.

टाळ्यांनी तळमजला दणाणला. पोरांनी पपनसाच्या टोप्या उडवल्या. मासे मोजले गेले. एकही कमी नव्हता.

"शेगडी तयारच आहे," चेअरमन बादलीत वाकून म्हणाले.

"मेल्या, माझ्या नवऱ्याचं पुण्य भाजून खातोस?" येन आजी बादलीच्या आड उभ्या राहिल्या.

गोब्र्याला यूलानच्या मुलीच्या दुकानात स्वतंत्र टाकी मिळाली. पार्सलची कपाटं स्कूटरच्या शेडमध्ये गेली. टाकीच्या बाजूने सगळे हात वर झाले. चेअरमनचा सगळ्यात शेवटी, सॉसेजच्या काडीसकट.

सगळे शेगडीकडे गेल्यावरही यूलान काचेपाशीच होती. मी तिच्यासाठी मक्याचं कणीस घेऊन गेलो. तिने ते हातातच धरलं.

"तो तळ्यात जन्मला," ती म्हणाली. "तिथे खडक नाही की असली कोळंबी नाही. भूक तर इतकी होती की गोळ्यांवर तुटून पडला. मग ती आत शिरल्यावर तोंड उघडं ठेवून थांबायचं, हे त्याला कुणी शिकवलं?"