अर्धाच विचार

निजामाच्या अमलातली गोष्ट. राजूरच्या जत्रेत, कुस्त्यांच्या आखाड्याकडेला एक पैलवान माझ्या शेजारी बसला होता. समोरच्या पैलवानावर नजर ठेवून तो बोटानं मातीत रेघा ओढत होता.

"त्यानं डावा पाय टाकला तर मी पट काढीन. पण उजवा टाकला तर? मंग..."

ऐकून माझंच डोकं दुखायला लागलं. "एवढा विचार?"

"मागच्या साली पुरा इचार केल्ता, तरी पडलो. म्हणून औंदा जास्ती करून राह्यलो."

तेवढ्यात हलगी कडाडली. रेघ तशीच सोडून तो मातीत उतरला आणि सलामी होताच त्यानं समोरच्याला उचलून चितपट केलं. सगळी जत्रा ओरडली.

लोकांच्या खांद्यावरून, गुलालात माखलेला, तो मला बघून आनंदानं किंचाळला, "इचार अर्धाच झाल्ता हो!"