धरून कोणी ठेवायचं?

उपाशीपोटी साखर तपासायची होती, म्हणून आईला मी सकाळी सातला पेणकरपाड्याहून रिक्षाने आणून शांती नगरातल्या लॅबमध्ये बसवलं. वर ऐटीत सांगितलं, कोणाला काही विचारत बसू नकोस, पडद्यावर नाव आलं की उठायचं, त्या पडद्याचं सॉफ्टवेअर आमच्याच ऑफिसात बनवलंय. हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साडेदहाला ऑफिसातून सहज फोन केला. आईची जीभ जड झाली होती. नाव आलं नाही अजून, म्हणाली. साडेतीन तास! रात्रीची साखरेची गोळी घेतलेली, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. लॅब दोन गल्ल्यांवर होती, मी पळतच गेले. आई पहिल्याच रांगेत, पडद्याच्या अगदी समोर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. घामाने डबडबलेली, हात थरथरत होते. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून हिंदीत सांगितलं की हे पेशंट ॲबसेंट आहेत. मी विचारलं, मग ही समोर कोण बसलीय? नर्स धावत आली, बोटाला टोचून साखर बघितली आणि आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. आमचे लोक मराठवाड्यातले, शहरात बुजणारे, आई आपणहून कोणाच्या काउंटरवर जाणारी बाईच नाही, पण या वेळी तिचा दोष नव्हता. दोन घोट पोटात गेल्यावर ती म्हणाली, "तूच म्हणलीस नं, कुणाला विचारू नको म्हणून."

ते 'ॲबसेंट' कुठून आलं हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेशंटचा मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या माहितीचं गाठोडं, तयार होतो. त्याला कोणीतरी घट्ट धरून ठेवलेलं असेल तोवर तो टिकतो. कोणीच धरलेलं नसेल तर सफाईवाला, म्हणजे गार्बेज कलेक्टर, अधूनमधून येतो आणि त्याला उचलून नेतो. पूर्वी आमचा पडदा सगळ्यांनाच घट्ट धरून बसायचा. माणूस रक्त देऊन घरी जाऊन जेवला तरी त्याचं नाव पडद्याच्या पोटात तसंच, आणि दुपारपर्यंत मशीन धापा टाकायला लागायचं. म्हणून आमच्या टीमच्या सरांनी फर्मान काढलं, पडद्याने फक्त वीक रेफरन्स ठेवायचा. म्हणजे धरायचं नाही, नुसती ओळख ठेवायची. ऑब्जेक्ट असेल तोवर दिसेल, सफाईत गेला की काही हाती लागणार नाही. यात चूक काहीच नाही. पडदा थोडाच पेशंटचा मालक आहे? पण मग मालक कोण, ते तर ठरवाल की नाही?

हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं. काउंटर पेशंटला धरतो, पण पुढच्याचा फॉर्म उघडला की आधीच्याला सोडतो. तिथून रक्त काढेपर्यंत त्याला धरणार कोण? एक यादी ठेवा, घट्ट धरणारी, नमुना घेतल्यावरच सोडणारी. सर हसले. टेस्टिंगमध्ये तर सगळं मस्त चालतंय, तू उगाच टेन्शन घेतेस, म्हणाले. चालणारच ना! ऑफिसात पाच नावं टाकून बघितली होती, सफाईवाला यायच्या आत पाचही पुकारून झाली. लॅबमध्ये सकाळची गर्दी, मेमरी भराभर भरणार, सफाईवाला लवकर येणार, आणि ज्याला कोणी धरलेलं नाही तो जाणार. हे समजायला काय मोठी अक्कल लागते?

पण सगळं सरांवर ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही. वीक रेफरन्समधून ऑब्जेक्ट मिळाला नाही तर काय करायचं, ती ओळ माझी आहे. आधी घट्ट धरून बघायचं, आहे का. नसेल, तर का नाही याचा जाब विचारायचा. मी विचारला नाही. नसेल तर त्या टोकनपुढे गैरहजर लिहा आणि पुढचं नाव घ्या, असं लिहून टाकलं. शुक्रवार होता, मला घरी जायचं होतं.

आईला घरी झोपवून, शेजारणीला बसवून मी ऑफिसात परत गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यादीचं पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, आत्ता लॅबला कळव की पेशंटने लक्ष दिलं नाही. एखादा माणूस राहतो, तो परत येतो, त्यात काय एवढं.

मी म्हटलं, "सर, ती माझी आई आहे."

"अगं, मग आधी सांगायचं ना," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून लगेच कोड उघडायला लागले.

मला खरा संताप तेव्हा आला. म्हणजे दुसऱ्या कोणाची आई असती तर चाललं असतं? मी त्यांना म्हटलं, राहू द्या, मी करते. यादी लिहिली. नमुना घेतल्याची नोंद होईपर्यंत पेशंटला सोडणार नाही अशी. माझी ती ओळ काढली, आणि ऑब्जेक्ट सापडला नाही तर काउंटरवर लाल सूचना येईल असं केलं. हात कीबोर्डवर आपटत होते, बाजूचे बघत होते, बघू दे.

मग जुन्या नोंदी उघडल्या. त्या आठवड्यात आईसारखी आणखी अकरा टोकनं 'गैरहजर' होती. मी ती यादी घेऊन लॅबमध्ये गेले, काउंटरवरच्या मुलीला रजिस्टर काढायला लावलं आणि तिच्या फोनवरून एकेकाला लावत सुटले. सांगायचं ठरवलं होतं की चूक आमची आहे, तुम्ही हजर होतात, परत या, थांबावं लागणार नाही.

पहिला फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घेतला. अडीच तास बसून ते उपाशीच घरी गेले होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांनी मला थांबवलं.

"नाही हो बाई, माझंच लक्ष नसेल," ते म्हणाले. "सॉरी हं, तुम्हाला त्रास झाला."