शाळेचं प्रदर्शन आणि माझं हळदीकुंकू

हातातले कप आधी खाली ठेवा बरं. हा किस्सा ऐकताना आमच्या जाऊबाईंच्या नव्या लुगड्यावर चहा सांडला, आणि त्याचा दोषसुद्धा माझ्याच माथ्यावर आला. दोष यायला तसं माझं माथं चांगलं प्रशस्त आहे म्हणा!

मी गल्लीतली एकुलती एक शिकलेली सून. माहेर नगरकडचं, इंग्रजांच्या मुलखातलं, म्हणून मराठी सातवी झालेली. इकडे निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती, पण ती अजून बायकांच्या चुलीपर्यंत पोचली नव्हती. कुणाचं पत्र आलं की माझ्याकडे, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं की माझ्याकडे. आणि शिकलेल्या बाईचं एक वाईट असतं बघा. ती घोळसुद्धा नीट आखून घालते.

आमच्या शाळेची एक पद्धत होती. गावात वाचणारे कमी, म्हणून मोठे गुरुजी दर शनिवारी शाळेच्या बातम्या मुलांकडून पाठ करून घ्यायचे आणि मुलांनी त्या घरी जाऊन म्हणून दाखवायच्या. जेवायला बसलेला माणूस असो की झोपलेला, पोर हात जोडून सुरू!

त्या शनिवारी आमची कुसुम, चौथीतली, उंबऱ्यात उभी राहिली. "शाळेची खबर ऐका! विहिरीला नवा दोर आला, कुणी पोहरा आत सोडून पळू नये. होळीनंतर सकाळची शाळा. बुधवारी मुलांच्या हातकामाचं प्रदर्शन. परतूरहून शाळा तपासायला साहेब येणार. प्रदर्शन चांगलं झालं आणि गावातल्या आया आल्या, तर शाळेला पाचवी मिळणार. नमस्कार!"

"पाचवी कशाला?" सासूबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "चौथी झाली, बास झालं. पोरीला काय रोज परतूरला धाडायचंय?"

इथंच तर माझा जीव अडकला होता. चौथीनंतरची शाळा परतूरला. 'हे' तिथल्या जिनिंगमध्ये कारकून, रोज सायकलवर जायचे आणि परत आल्यावर त्यांचे स्वतःचेच पाय त्यांना ओळखू यायचे नाहीत. तिथं पोरीला कोण पाठवतंय? पाचवी गावात आली तर कुसुम शिकणार. नाही आली, तर जूनपासून शेंगा फोडायला आजीशेजारी बसणार. सरळ हिशेब होता. रात्री झोप म्हणून लागत नव्हती मला.

सोमवारी गुरुजी दारात आले. अत्यंत सज्जन माणूस. बाईमाणसाशी बोलताना ते तुळशीकडे बघून बोलायचे.

"वहिनी," ते तुळशीला म्हणाले, "प्रदर्शनाची काळजी नाही. मुलांनी फार सुंदर वस्तू केल्यात. पण साहेबांचं म्हणणं, ज्या शाळेत आया पाऊल टाकत नाहीत, तिथं पाचवीला मुली येणार कुठून? बायकांना आणायचं तेवढं तुम्ही बघा."

"बघते की!" मी म्हणाले. माझ्या मेल्या तोंडाला सवयच आहे.

गेले गल्लीत. पहिलं घर धुरपदाकाकूंचं. शेतकरी बाई, आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरातली म्हैस उठून उभी राहायची.

"परदर्शन? ते काय अस्तंय?"

"मुलांनी केलेल्या वस्तू मांडतात, आपण बघायच्या."

"नुस्त्या बघायच्या? अन् मंग?"

"मग घरी यायचं."

"मंग घरूनच निघायचं कशाला, वैनी? हितं हरभरा सोंगून राह्यलो आम्ही. न्हाई जमत!"

दुसरं घर केसरबाईंचं. मारवाडी, तीन पिढ्या गावातच किराणा. सकाळी पूजा झाली की त्याही गल्ल्यावर बसायच्या. "भाभी, बुरा मत मानना," त्या म्हणाल्या, "पण ज्यात देणं नाही, घेणं नाही, त्याला बाई घराबाहेर पडत नाही. बिलकुल नाही."

झालं! तिसऱ्या दारापर्यंत मी रडकुंडीला आले. आणि तिथंच माझी सातवीची अक्कल जागी झाली. अहो, संक्रांत नुकतीच झालेली! रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस! मी फिरले मागे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बुधवारी दुपारी शाळेत हळदीकुंकू आहे हो!"

"आत्ता कसं!" धुरपदाकाकू ओरडल्या. "मंग न्हाई कोण म्हनतंय? येतो की जल्दी!"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आपण कलेक्टर व्हायला हवं होतं.

बुधवारी सगळं कसं बराबर आखलेलं. मुलांना गुरुजींनी वेशीवर नेलं, साहेबांच्या स्वागताला. स्वतः गुरुजीही तिकडेच, कारण हळदीकुंकवाच्या जागी पुरुषानं घुटमळायचं नसतं. आत वर्गात लांब बाकांवर पांढरी चादर घालून प्रदर्शन मांडलेलं. मातीची फळं, टकळीवरचं सूत, शिंदीच्या पानांच्या चटया, कागदी पंखे, करवंट्यांचे दिवे. मी पुढच्या दारात करंडा, अत्तरदाणी आणि तिळगूळ घेऊन उभी. बायकांनी पुढच्या दारानं यायचं, कुंकू लावून घ्यायचं, आत जाऊन बघायचं आणि मागच्या दारानं बाहेर. गर्दी नको, गोंधळ नको. म्हटलं ना, आखून!

आणि बायका आल्या की हो! ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर, कडेवर पोरं. शाळेच्या इतिहासात इतक्या बांगड्या तिथं कधी वाजल्या नव्हत्या. धुरपदाकाकू आयुष्यात पहिल्यांदा शाळेचा उंबरा चढत होत्या, जरा बिचकल्या.

"जा ना काकू आत, लाजता काय!" मी कुंकू लावत म्हणाले. "सगळं तुमच्यासाठीच मांडलंय!"

म्हणाले मी. माझ्याच तोंडानं म्हणाले. एकीला नाही, येईल तिला म्हणाले.

तासाभरात सगळ्या येऊन गेल्या. मी करंड्याचं झाकण लावलं, पदर सारखा केला आणि आता जरा आपणही मुलांचं कौतुक बघावं म्हणून ऐटीत आत गेले.

आत पांढरी चादर होती.

नुसती चादर! चटया नाहीत, पंखे नाहीत, एक पेरू नाही, एक करवंटी नाही. कोपऱ्यातला पृथ्वीचा गोलसुद्धा गेलेला! भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा तेवढा होता, तोही एका खिळ्यावर लोंबत. कुणीतरी प्रयत्न केलेला स्पष्ट दिसत होता.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या येत नव्हतं! मी चोर, चोर म्हणून ओरडायच्या बेतात होते. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बये, संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटल्यावर वाण लुटणं आलंच! कुंकू लावायचं, अत्तर लावायचं आणि मांडून ठेवलेल्यातलं एकेक वाण उचलून द्यायचं. इथं द्यायला कुणी नव्हतं, म्हणून बायकांनी सोशीकपणे आपलं आपण उचललं होतं. त्यांचं काय चुकलं? वाण नाकारलं तर उलट यजमानणीचा अपमान!

मी मागच्या दारानं पळत सुटले. धुरपदाकाकूंच्या ओट्यावर त्यांचा नातू पृथ्वी गडगडवत बसलेला.

"काकू! तो गोल..."

"लई झ्याक वान हाय गं वैनी! शाळेनं खर्चा बक्कळ केला की! पाटलिनीनं गेल्या वर्षी नुस्त्या फण्या लुटल्या."

"काकू, तो जरा परत..."

काकूंचा चेहराच उतरला. "वान परत? सवाष्णीचं? संक्रांतीचं?" त्यांनी मंगळसूत्राला हात लावला. "वैनी, तोंड धू आधी!"

बोला आता! वाण परत मागणं म्हणजे समोरच्या बाईच्या कुंकवाचं वाईट चिंतणं. मी त्या गल्लीत परत कुणाला तोंड दाखवलं असतं? आणि नाही मागावं, तर वेशीवर साहेबाची बैलांची दमणी कुठल्याही क्षणी उभी राहणार! मी केसरबाईंच्या दुकानासमोर मटकन बसले आणि चक्क रडायला लागले.

"अरे, अरे, भाभी!" केसरबाई गल्ल्यावरून उतरल्या. त्यांच्या खांद्यावर शाळेची चटई. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परत मागायचं नाही. परत द्यायला लावायचं. शाळेत सरस्वतीची तसबीर आहे ना? तीसुद्धा सुवासिनीच. तिच्या घरून सगळ्यांनी नेलं, तिला कुणी वाण दिलं का?"

मी डोळे पुसले. उठले. "सरस्वतीचं वाण राहिलं हो!" अशी ओरडत दारोदार फिरले. "शाळेतल्या देवीला शाळेतलंच वाण चालतं!" हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मला विचारू नका, मी तो केसरबाईंच्या दुकानापासून मारुतीच्या पारापर्यंत पळताना तयार केला.

"अगं बया, खरंच की!" गल्लीभर हाहाकार उडाला. देवीचं राहिलं म्हटल्यावर कोण थांबतंय? बायका निघाल्या परत शाळेकडे. माझ्या जिवात जीव आला.

पण नुसतं वाण कधी कुणी देतं का? सोबत काहीतरी हवंच. म्हणून कुणी त्यावर बोरं ठेवली, कुणी हरभऱ्याचे घाटे, कुणी उसाची कांडी, कुणी झाडावरचे पेरू. पुन्हा प्रत्येक वस्तूला हळदीकुंकू! पृथ्वी आली, तेव्हा सगळा हिंदी महासागर पिवळा आणि विलायतेवर कुंकवाचं बोट. बाकांवर चटया, गाजरं, सूत, शेंगा, खरी फळं, मातीची फळं, सगळ्याचा मिळून एक डोंगर. मी तो जरा वेगळा करायला हात घालतेय, तोच बाहेरून मुलांचा जयजयकार आला.

दारात साहेब! काळी टोपी, हातात छडी. मागे गुरुजी. गुरुजींनी बाकांकडे पाहिलं आणि भिंतीला टेकले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. तुळस बरी, असं मला झालं.

"हे... प्रदर्शन?" साहेब म्हणाले.

सगळ्या बायका पदराआडून माझ्याकडे बघायला लागल्या. गुरुजी बघायला लागले. दारातून कुसुम बघायला लागली. मला एवढंच कळलं, काहीतरी करायला पाहिजे. आता! आणि घरी पाहुणा आला की बाई दुसरं काय करते?

"साहेब, उन्हातून आलात," मी म्हणाले, "आधी काहीतरी तोंडात टाका!" आणि डोंगरातला सगळ्यात सुंदर पेरू निवडला. पिवळाधमक, देठाला हिरवं पान. पदरानं पुसून त्यांच्या हातावर ठेवला.

साहेब भला माणूस. बाईचं मन मोडू नये म्हणून त्यांनी चांगला तोंड भरून घास घेतला.

कटक!

असा आवाज मी पेरूचा कधी ऐकला नव्हता.

"माझा पेरू!" कुसुमनं टाहो फोडला. "आई, साहेबांनी माझा पेरू खाल्ला!"

साहेब गाल धरून मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुरुजी पाणी आणायला पळाले ते विहिरीवरच रेंगाळले. मी मनात जूनपासूनच्या शेंगा मोजायला लागले.

बऱ्याच वेळानं साहेबांनी रुमालात काहीतरी थुंकून पाहिलं. बरीचशी माती होती आणि थोडासा दात. मग तो पेरू त्यांनी उजेडात धरला, फिरवला, वास घेतला.

"इकडे ये, बाळ. हा तू केलास?"

"हो," कुसुम मुसमुसत म्हणाली. "ओढ्याच्या मातीचा. वर चुना, त्यावर हळद. आणि आता तो मोडला!"

"दुसरा करशील."

"दुसरा कागदाच्या लगद्याचा करायचाय. पण तो पाचवीत शिकवतात म्हणे," ती म्हणाली. "आमच्याकडं पाचवी न्हाई."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, कळ आली. तर ते हसत होते! गालाला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "गुरुजी!" त्यांनी हाक मारली. "एवढ्या आया मी परतूरच्या शाळेतसुद्धा पाहिल्या नाहीत. आणि असा पेरू तर मी जन्मात खाल्ला नाही. पाचवीची शिफारस करतो. लगद्याचं काम मात्र जरूर शिकवा. दातांना बरं."

घरी आल्यावर मी सासूबाईंसमोर मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "साहेबाचा दात घालवून पाचवी आणलीस. आता पोरीला नाही बसवलं तर बिचाऱ्याचा दात फुकट जाईल. जाऊ दे तिला."

जूनमध्ये पाचवी उघडली. साहेब मुद्दाम आले. यावेळी घोळ नको म्हणून मी स्वतः खवा आटवून पेढे केले होते, मऊ, लोण्यासारखे. सगळ्यांना वाटत वाटत साहेबांपुढे गेले. त्यांनी हसून नमस्कार केला, एक पेढा उचलला, माझ्याकडे पाहिलं, पेढ्याकडे पाहिलं, टेबलाच्या कडेवर तो दोनदा हळूच आपटून पाहिला आणि मगच तोंडात टाकला.