मेलेल्यांची घोंगडी

इंग्रजी अमदानीत आमच्या कामशेतच्या हुतुतू संघाला एक भातगिरणीवाला दूध-खुराक देऊन पोसायचा. गडी अंगाने भरले, एवढाच त्या दुधाचा उपयोग झाला. हुतुतूत बाद झालेला गडी मेला म्हणतात, आणि समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होतो. या सवलतीचा आमच्या संघाने कधी गैरफायदा घेतला नाही.

रेषेबाहेर एक म्हातारा घोंगडी अंथरून बसायचा. कुठल्या गावचा, मी कधी विचारलं नाही. आमचा गडी मेला की तो सरकून जागा करायचा, गड्याच्या पाठीवरची माती झटकायचा आणि हातावर भाजक्या शेंगा ठेवायचा. "टेक हितं. लय दमलास." गडी दमलेला नसायचा, जाताक्षणीच धरला गेलेला असायचा. थोड्याच वेळात घोंगडी भरायची.

"आबा, या हरणाऱ्यांचं एवढं काय कौतुक?" मी एकदा विचारलं.

"जितल्याल्याला समदं गाव उचलतंय," तो म्हणाला. "मेल्याल्यानं कुटं बसायचं?"

मग लोणावळ्यात, कोणाच्या चुकीने कोण जाणे, आम्ही जिंकलो. त्या दिवशी आमचा गडी मेला तरी लगेच जिवंत होऊन आत पळत होता. शेवटी लोकांनी सगळ्यांना खांद्यावर घेतलं. मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. म्हातारा शेंगा परत पिशवीत भरत होता.

"आबा, आनंद नाही झाला?"

"झाला की. पर आज कुनी टेकलंच न्हाई."

पुढच्याच सामन्यात आमच्या गड्यांनी त्याची ही तक्रार तत्परतेने दूर केली.