बोथट केलेला खिळा

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला एकठोक्या म्हणत. लाकडी खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाकीचे सुतार एका खिळ्याला तीन-तीन घाव घालत, हा एकच. आठ-दहा खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, डाव्या हाताने टेकवायचा आणि धाड. तोंड खिळ्यांनी भरलेलं असल्यामुळे दिवसभर बोलावं लागत नसे, आणि हे सगळ्यांच्याच भल्याचं होतं. कारण एकठोक्याने तोंड उघडलं की संध्याकाळपर्यंत कोणाचं तरी थोबाड सुजलंच म्हणून समजा.

राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असे, आणि तो त्याला घरातूनच मिळाला होता. बापाने कमरेचा पट्टा काढला की धाकटी बहीण टेबलाखाली शिरायची आणि हा मधे उभा राहायचा. पंधराव्या वर्षी त्याने एकदा बापाच्या हातातला पट्टा हिसकावला आणि त्यालाच असा बदडला की त्याचे पुढचे दोन दात जमिनीवर आले. त्यानंतर बापाने पट्टा वापरला तो फक्त विजार सांभाळायला. घर शांत झालं. माझं मत विचाराल तर पोराचं वाटोळं त्या शांततेने केलं. हात उगारला की प्रश्न सुटतो, हे त्याच्या डोक्यात तिथे पक्कं बसलं, आणि ते काढायला पुढे कोणी धजावलं नाही.

धाकटीचं लग्न झालं ते छापखान्यातल्या जुळाऱ्याशी. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी लावायचं त्याचं काम. या अक्षरांनाही खिळेच म्हणतात, पण पुढे जे घडलं त्यानंतर त्यावर विनोद करायची कोणाची छाती झाली नाही. उजव्या हाताची बोटं अशी चपळ की नुसती बघत राहावीत. माणूस दारूला शिवत नव्हता, रविवारी न चुकता प्रार्थनेला जायचा, मोठ्याने बोलायचा नाही. त्यामुळे बहिणीच्या गालावरचा डाग जिन्याचा आणि मनगटावरचा डाग कपाटाच्या दाराचा, यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकठोक्यानेही ठेवला. त्या घरातला जिना भलताच मारकुटा आहे, एवढं मात्र त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

मग एका दुपारी बहीण कारखान्याच्या फाटकात येऊन उभी राहिली. एक डोळा पूर्ण मिटलेला, खालचा ओठ फाटून हनुवटीवर रक्त वाळलेलं, आणि डावा कान हाताने दाबून धरलेला. ती काही बोलली नाही. एकठोक्याही बोलला नाही, कारण तोंडात खिळे होते. हातोडा हातात होता तो तसाच घेऊन तो निघाला, आणि आपण काय करून बसलो हे कळून ती त्याच्या मागे धावत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. जुळारी टेबलाशी बसून जेवत होता. एकठोक्याने त्याचे केस धरून तोंड ताटावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला, ताटाचे दोन तुकडे झाले. डावा हात पिरगाळून त्याच्याच अंगाखाली दाबला, उजवा टेबलावर सपाट पसरला आणि मनगटावर गुडघा दिला. जुळाऱ्याचा गाल टेबलाला चिकटलेला, आणि त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर त्याचा स्वतःचा हात.

आता जे झालं ते नीट सांगायला हवं. फळीच्या कडेजवळ खिळा ठोकायचा असेल तर चांगला सुतार आधी त्याचं टोक बोथट करतो. तीक्ष्ण टोक लाकडाचे तंतू बाजूला सारत जातं आणि फळीला चीर पडते. बोथट टोक तंतू चिरडत जातं आणि फळी शाबूत राहते. एकठोक्याने तोंडातला एक चार इंची खिळा काढला, टेबलाच्या कोपऱ्यावर उलटा धरला आणि टोकावर हातोड्याने दोन हलके ठोके दिले. मग तो जुळाऱ्याच्या पंजाच्या पाठीवर टेकवला. दारात बहीण ओरडत होती, “दादा, नको. दादा, थांब.” त्याने एकच घाव घातला.

हात टेबलाला खिळला. जुळारी असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर धावले. टेबलावरून रक्ताची धार लागली, ती फुटलेल्या ताटातल्या अन्नात मिसळली. टेबलाला चीर पडली नव्हती.

कोर्टात एकठोक्या म्हणाला की डोळ्यांपुढे अंधार आला, पुढचं काही आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की शिरा तुटण्याऐवजी चिरडल्या गेल्या आहेत आणि दोन बोटं आता कधी सरळ होणार नाहीत. मग बहीण उभी राहिली. माझा भाऊ भानावर नव्हता, मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते, त्याला ऐकूच आलं नाही, असं ती शपथेवर सांगून बसली. जुळाऱ्याला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, मला काही आठवत नाही. सहा वर्षांची शिक्षा अडीचवर आली.

अडीच वर्षांत तुरुंगाने त्याच्याशी हिशेब चुकता केला. एकाने त्याच्या कानाची पाळी दातांनी तोडली, एकाने आंघोळीच्या जागी डोकं नळावर आपटून कपाळाला सात टाके घालायला लावले. त्यानेही हात बांधून घेतले नव्हते. दोघांना त्याने दवाखान्यात पाठवलं. पण रात्री डोळे मिटले की त्याला यातलं काही दिसायचं नाही. दिसायचा तो खिळा, आणि त्याच्या टोकावरचे दोन ठोके. आंधळ्या रागाला टोक बोथट करायला वेळ मिळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? टेबल फाटू नये याची त्याने काळजी घेतली होती.

सुटून आल्यावर जगात त्याच्यासाठी एकच दार उघडं होतं, बहिणीचं. ती लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली होती. नवऱ्याने तिच्या पाया पडून माफी मागितली होती, माझ्यात सैतान शिरायचा, मला भान राहायचं नाही म्हणून. पुन्हा त्याने हात उचलला नाही. त्याची बटणं ती लावायची, बुटांच्या नाड्या ती बांधायची. दर रविवारी भावाला जेवायला बोलवायची. नवरा भानावर नव्हता आणि भाऊही भानावर नव्हता, ही तिची समजूत, आणि ते घर त्याच समजुतीवर उभं होतं. टेबलही तेच होतं. भोक लांबीच्या लगद्याने बुजवून वर मेणकापड घातलेलं. एकठोक्या तेरा वर्षं त्या टेबलावर जेवला, आणि समोरच्या हाताकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. खरं सांगितलं तर हे दार बंद होईल, ही एकच भीती त्या दांडगटाला होती.

खोक्यांच्या कारखान्यात तो परत गेला नाही. खिळ्यालाच शिवेना. खाचा पाडून, स्क्रू मारून, डिंक लावून किरकोळ सुतारकाम करायचा. अशाच कामासाठी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्याला प्रार्थनामंदिरात बोलावलं. पाळक म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारा, स्वतःच्याच विनोदांवर आधी हसून घेणारा म्हातारा. त्यांना व्यासपीठामागे लावायला एक फळी कोरून हवी होती. त्यावर चार अक्षरं, इब्री म्हणजे हिब्रू भाषेतलं परमेश्वराचं नाव. कागदावर त्यांनी ती काढून दिली आणि बजावलं की उजवीकडून सुरुवात कर. एकठोक्याला काय, अक्षर म्हणजे त्याच्या लेखी एक खाच. दोन अक्षरं कोरून झाली, तिसरं अर्ध्यावर आलं, तेव्हा सहज म्हणून त्याने विचारलं की या अक्षरांचा अर्थ काय.

पाळक खूश झाले. फार जुन्या काळी ही अक्षरं म्हणजे चित्रं होती असं म्हणतात, त्यांनी सांगितलं. पहिलं योद, म्हणजे हात. दुसरं हात वर करून ‘बघा’ म्हणणारा माणूस. तिसरं वाव, म्हणजे खुंटी, खिळा. चौथं पुन्हा तोच माणूस. हात बघा, खिळा बघा. विद्वान यावर नाकं मुरडतात, आणि ज्यांची ही भाषा ते यहुदी म्हणतील की आमच्या देवाच्या नावात तुम्ही आपला खिळा कशाला घुसवता. म्हणोत, पाळक म्हणाले, त्यांचंही बरोबर असेल. पण आपल्या माणसांना त्यात वधस्तंभावरच्या प्रभूचा हात दिसतो, आणि मलाही तो दिसल्यावाचून राहत नाही.

बोलणं पुरं व्हायच्या आत एकठोक्याने लाकूड तासायचा वाकस उचलला आणि फळीवर घातला. एक, दोन, पाच घाव. फळीच्या ढलप्या खोलीभर उडाल्या. मग त्याने म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर असं दाबलं की चष्मा खाली पडून फुटला आणि नाकातून रक्त आलं. तुम्हाला कोणी सांगितलं, असं तो परत परत विचारत होता. पाळकांनी एवढंच विचारलं, “काय सांगितलं?” तो प्रश्न इतका खरा होता की एकठोक्याचे हात सुटले. तो भुशात बसला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने ते दोन ठोके मोठ्याने सांगितले.

पाळकांनी नाकाला रुमाल लावून सगळं ऐकलं. क्षमा वगैरे शब्द त्यांनी काढला नाही.

“मला सांगून काय उपयोग,” ते म्हणाले, “माझा हात शाबूत आहे. आणि तू म्हणतोस तू सोळा वर्षं खिळाच बघतोयस. नावात हात आधी येतो.”

दार बंद होईल, एकठोक्या म्हणाला. पाळक म्हणाले की होईलही, त्याची हमी मी कशी देऊ. फळी मात्र नवीन करून दे. ती त्याने पुढे केली, अजून तिथे आहे. बारकाईने बघणारे म्हणतात की तिसऱ्यापेक्षा पहिलं अक्षर जास्त खोल गेलंय.

रविवारी तो जेवायला गेला. तिघांची ताटं मांडली होती. बहीण डाव घेऊन वाढायला उभी होती. एकठोक्याने मेणकापड बाजूला सारलं.

“दाजी, हात बघू.”

जुळाऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. मधली दोन बोटं आत वळून तळव्याला टेकलेली. पंजाच्या पाठीवर पांढरट, आवळलेला खड्डा, त्याच्या भोवती कातडी सुरकुतून गोळा झालेली. नखं मात्र स्वच्छ कापलेली, बहिणीने कापलेली. एकठोक्याला भडभडून आलं. पण रडून वेळ काढायची सवय त्याला नव्हती.

“खिळा मी आधी बोथट केला होता,” तो म्हणाला. “टेबल फाटू नये म्हणून. मला सगळं कळत होतं. हिचं ओरडणंही ऐकू येत होतं.”

बहिणीच्या हातातला डाव तिथेच थांबला. जुळाऱ्याला काही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही.

“माहीत आहे. माझा गाल टेबलावर होता, डोळे उघडे होते.”

मग कोर्टात का नाही बोललात, एकठोक्याने विचारलं. जुळाऱ्याने हात मागे घेतला नाही.

“कोणत्या तोंडाने बोलणार? हिला मारायच्या आधी मी घड्याळ काढून ठेवायचो. काच फुटू नये म्हणून.”

मग बहिणीने डाव उचलला आणि सगळा जोर लावून नवऱ्याच्या खांद्यावर हाणला. दुसरा घाव भावाच्या कानशिलावर बसला, तुटक्या पाळीच्या जरा वर, आणि त्याच्या डोळ्यांपुढे खरोखरच अंधार आला. जन्मात तिने पहिल्यांदा कोणावर हात उचलला होता. डाव वाकला. तो तिने भांड्यात टाकला आणि टेबलाला धरून श्वास घेतला.

“दोन वेड्यांचं करतेय असं समजत होते मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “वेडे असता तर मरेपर्यंत केलं असतं. उठा. दोघंही.”

नवरा पुटपुटला की अगं, माझे बूट. तिने बूट उचलून जिन्यात फेकले. भावाला तिने दंडाला धरून बाहेर काढलं, आणि ज्या माणसाला कारखान्यात चौघं मिळून आवरू शकत नसत तो चुपचाप निघाला. कडी लागली.

जिन्यात दोघं उभे राहिले. एकाच्या कानातून रक्त येत होतं, दुसऱ्याने खांदा धरला होता. जुळाऱ्याने बुटांत पाय घातले आणि नाड्यांकडे बघत राहिला. एकठोक्या खाली बसला आणि नाड्या बांधू लागला. तो हात आता त्याच्या नाकासमोर लोंबत होता, चेहरा फिरवायला जागा नव्हती.

जुळाऱ्याने विचारलं की आता कुठे. माझ्या खोलीवर, एकठोक्या म्हणाला.

“मग बटणंही तुलाच लावावी लागतील,” जुळारी म्हणाला. “रोज.”

एकठोक्याने मान डोलावली आणि दुसरी नाडी हातात घेतली. दाराआड खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग ताटाला चमचा लागल्याचा. ती जेवायला बसली होती. इतक्या वर्षांत ती त्या दोघांच्या आधी कधी जेवली नव्हती.