एस्तेरमावशींचा पेठ्याचा केक

शमुवेलकाकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "एस्तेर गेली रे," एवढंच म्हणाले. दफनविधीनंतर मी निघताना पुन्हा म्हणाले, "या नाताळला केक नाही. तिच्याशिवाय कोण करणार..."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी फरीदाबादला आलो आणि त्यांच्याच घरी वरची खोली भाड्यानं घेतली. परभणीकडच्या आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि ते सांगायला मला कुणी विचारायची गरज नसे. मावशींनी थोडे दिवस ऐकून घेतलं, मग परात पुढे सरकवली. "बरं, पदवीधर, बदाम सोला."

घरात ओव्हन नव्हता. नाताळाआधी मैदा, साखर, तूप, अंडी, रममध्ये मुरवलेले बेदाणे असं सगळं सामान घेऊन बेकरीत जायचं, समोर उभं राहून कालवून घ्यायचं आणि भट्टीतून केक निघेपर्यंत बाकावर बसायचं. तिकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं असंच करत. मावशी तर चहालाही उठायच्या नाहीत. "नजर हटली की तूप कमी होतं," म्हणायच्या.

कृती काकांच्या घरची, नगरची. त्यांच्या आजीनं मिशनच्या मडमेच्या स्वयंपाकघरात बघून उचललेली. काकांची आई पहिल्यांदा फरीदाबादला आली, त्याच वर्षी बेकरीत नेमकी डब्यांची अदलाबदल झाली. घरी केक कापला तर आत पेठ्याचे तुकडे, संत्र्याचा मुरंबा, बडीशेपेचा वास! अलाहाबादकडच्या कुणाचा तरी केक आमच्या ताटात. मावशींचा चेहरा उतरला. सासूबाई सावकाश चावत राहिल्या...

"केकात कोहळा? दिल्लीला येऊन जीभ बिघडली गं तुमची." आणि ताटली पुढे केली. "आणखी दे."

तेव्हापासून पेठा कायमचा आला. काका पाहुण्यांना "अस्सल नगरचा केक" म्हणून वाढायचे, मावशी पदराआड हसायच्या.

पुढे मी गाझियाबादला नवा फ्लॅट घेतला, ओव्हन आणला आणि मोठ्या ऐटीत मावशींना दाखवला. "छान आहे. पण ह्यात एक होतो," त्या म्हणाल्या, "मला गल्लीभर लागतात."

परवा काकांकडे गेलो. त्यांनी कपाटातून बरणी काढून पुढे ठेवली. बेदाणे, रम... जाण्याआधी मावशी भिजवून गेल्या होत्या.

"हे टाकून कसं द्यायचं रे?"

"टाकायचं कशाला? चला, उठा."

वाटेत पेठा घेतला. बेकरीत गर्दी कमी होती, हल्ली लोक तयारच नेतात. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "आंटी नहीं आईं?" काकांनी नुसती मान हलवली. तो डब्यावर लावायची चिठ्ठी ओढून घेत हळूच म्हणाला, "किस नाम से लिखूँ, अंकल?"

"एस्तेर."

आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "माझ्या नावानं फुगायचा नाही तो."