गाळणीत उरलेलं

"फ्रीजमध्ये परत चिखल दिसला तर डब्यासकट फेकीन, सांगून ठेवते!" सासूबाई सिंकपाशी डबे धूत होत्या.

"फेका! अकरा वर्षांचं काम पाण्यात चाललंयच, त्यात हेही जाऊ दे," सून बाहेरच्या खोलीतून ओरडली.

"चिखल फेकतेय. डबा चांगला आहे."

सून खाडीवरची शास्त्रज्ञ. नदी समुद्राला मिळते तिथला गाळ दर महिन्याला काढायचा, चाळायचा, त्यातले जीव मोजायचे, हा तिचा उद्योग. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, भरती-ओहोटीचा तक्ता होता. मुलगी तापाने फणफणली तरी ओहोटीला ही गुडघाभर चिखलात. आणि आता अहवालात लिहायचं काय, तर शिंपल्यांची नवी पिल्लं येत नाहीत, खाडीत राम उरला नाही. सोमवारी तो दिला की इथलं केंद्र बंद, हिला मुख्य कार्यालयात बढती. नवऱ्याने तिकडे घरही बघून ठेवलं होतं.

"अगं, हे खसखशीसारखं काय गं?"

सिंक तुंबू नये म्हणून सासूबाईंनी चिखल चहाच्या गाळणीतून धुतला होता. सून कपाळाला आठ्या घालून आली. एक दाणा भिंगाखाली धरला. दोन इवल्या झडपा, मध्ये बिजागरी: शिंपल्याचं पिल्लू. मग दुसरा, तिसरा. चौसष्टपर्यंत मोजून ती स्टुलावर बसली.

तिच्या चाळणीची छिद्रं याहून मोठी होती. जुने-नवे आकडे जुळावेत म्हणून अकरा वर्षांत तिने चाळणी बदलली नव्हती. पिल्लं तिच्या नाकाखालून निसटत होती.

"आई, मी आंधळी आहे."

"लग्न झाल्यापासून हेच सांगतेय."

नवरा दारात येऊन उभा होता. "पण पिल्लं होती, तर मोठी होऊन चाळणीत का नाही सापडली?"

"एक तर मरत असतील, नाहीतर यंदाच आली असतील. वर्षभर बारीक चाळणीने मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि बढती?"

तिने हात पुसले. मुलीलाही आतून बोलावलं.

"अहवाल मी देत नाहीये. बढती नको म्हणून आजच कळवते. आणखी एक वर्ष आपण इथेच राहतोय."